वांगी पैठणी आमसुली का छापली गेली?

तक्रार एका वाक्याची होती. "दादा, पैठणी वांगी होती, ही आमसुली दिसतेय." नवरीच्या आईने १२ × १८ इंचांच्या प्रिंटशेजारी येवल्याच्या त्या पैठणीचा पदर धरला आणि वाद घालायला जागाच उरली नाही. वांग्याच्या सालीचा गडद, निळसर जांभळा रंग कागदावर भिजवलेल्या आमसुलासारखा तांबूस-तपकिरी झाला होता. नवरीचा चेहरा लाल मारत होता आणि सगळा फोटो अंधारा होता.

स्टुडिओ तालुक्याच्या गावातला. प्रिंट तिथेच काढलेला. सहा रंगांचा, ए३+ आकाराचा इंक-टँक प्रिंटर (काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिकट सायन, फिकट मॅजेंटा; सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे राणी), बाजारात मिळणारा २६० ग्रॅमचा ग्लॉसी आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) कागद, बाजारातलीच सुट्टी शाई, विंडोजचा संगणक आणि फोटोशॉप. मूळ फाइल रॉ स्वरूपातली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी असलेली. चांगला प्रिंट निघू नये असं या सामानात काही नाही.

पहिल्या प्रिंटनंतर ऑपरेटरने जे केलं तेच बहुतेक ठिकाणी होतं. लाल काढायला त्याने फाइलमध्येच कलर बॅलन्स सायनकडे ओढला. चेहरा जरा सुधारला, पण हिरवा चुडा निळसर पडला. चुडा सावरायला पिवळा वाढवला, तर जरीचे काठ पितळी झाले. तीन मोठे कागद गेले, साडी आमसुलीच राहिली, आणि आता फाइलही बिघडलेली. रंग चुकला की थेट फाइलला हात लावणं ही या कामातली सगळ्यात महागडी सवय आहे. चूक प्रिंटरची असेल तर फाइलमध्ये तिच्या उलट चूक भरली जाते. प्रिंटर दुरुस्त झाला की तीच फाइल हिरवी छापते, आणि लॅबला पाठवली तर तिथेही हिरवीच येते.

त्यामुळे मूळ रॉ फाइल सोडून बाकी सगळं बाजूला काढलं आणि नवरीचा फोटो काही काळ छापायचाच नाही असं ठरलं.

करड्या पट्टीची साक्ष

त्याऐवजी ए४ कागदावर चाचणीचा तक्ता छापला. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ करड्या पायऱ्या, त्वचेचे काही रंग आणि शुद्ध लाल-हिरवा-निळा. करड्या पायऱ्यांत लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलचे आकडे सारखे असतात, म्हणून तिथे कुठलीही झाक दिसली तर ती फोटोतून आलेली नसते. ती छपाईच्या वाटेवर कुठेतरी मिसळलेली असते. करडा स्वच्छ आला आणि तरी साडी चुकली, तर दोष फाइलमध्ये, फोटो काढतानाच्या प्रकाशात किंवा शाईच्या मर्यादेत शोधायचा. हा एक कागद अर्धा तपास करून देतो.

इथे करडा तांबूस आला. त्यातही गडद पायऱ्यांत झाक कमी आणि फिकट पायऱ्यांत जास्त होती. हा फरक महत्त्वाचा. फिकट छटा प्रामुख्याने फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा या दोन शायांनी बनतात. गोरी-सावळी त्वचाही त्यांच्यावरच उभी असते. फिकट सायनची काही छिद्रं बुजली की मॅजेंटा एकटा पडतो आणि आधी चेहरे गुलाबी होतात.

नोझल चेक (प्रत्येक शाईची छिद्रं तपासणारा रेघांचा नमुना) काढला तर फिकट सायनच्या जिन्यासारख्या रेघांत चार ठिकाणी खंड होता. रोज सकाळी नोझल चेक काढला जात होता, पण वरवर पाहून बाजूला ठेवला जात होता. पांढऱ्या कागदावर फिकट शायांच्या रेघा नजरेतून सुटतात. पिवळ्याचं तर त्याहून अवघड. त्यासाठी मोबाइलवर गडद निळा रंग पूर्ण स्क्रीनभर लावून त्याच्या उजेडात कागद धरावा. पिवळ्या रेघा काळ्या दिसतात आणि तुटलेली रेघ लगेच कळते.

हेड क्लीनिंग दोनदा केलं, मग प्रिंटर रात्रभर तसाच ठेवला. पाच-सहा वेळा लागोपाठ क्लीनिंग मारण्यात फायदा नसतो. शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि ओढल्या गेलेल्या हवेला बसायला वेळ मिळत नाही. सकाळी रेघा पूर्ण आल्या. फिकट करड्या पायऱ्या सुधारल्या, पण सगळ्या पट्टीवर एकसारखी मॅजेंटाची झाक उरलीच.

दोन ठिकाणी एकच काम

ती झाक दुहेरी रंगव्यवस्थेची होती. फोटोशॉपच्या प्रिंट चौकटीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं होतं, म्हणजे फोटोशॉप फाइलचे आकडे त्या कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे (कागदावर कुठला रंग कसा उमटतो याची नोंद असलेल्या फाइलप्रमाणे) बदलून पुढे पाठवत होता. ड्रायव्हरमध्येही रंगदुरुस्ती चालू होती. ड्रायव्हरला काय माहीत की आकडे आधीच बदललेले आहेत? त्याने ते कच्चे एसआरजीबी (पडद्यांचा आणि लॅबचा नेहमीचा रंगपट्टा) समजून पुन्हा एकदा बदलले. अशा प्रिंटचा चेहरामोहरा ओळखीचा असतो. तो मॅजेंटाकडे झुकलेला, भडक आणि गडद असतो.

रंगव्यवस्था एकाकडेच ठेवायची. फोटोशॉपकडे ठेवली तर ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन, कस्टम, अॅडव्हान्स्ड, नो कलर अॅडजस्टमेंट इथपर्यंत जाऊन ती बंद करावी लागते. कागदाचा आकार बदलला किंवा ड्रायव्हर अपडेट झाला की हे सेटिंग बरेचदा गुपचूप मूळ जागी जातं. म्हणून ते नाव देऊन जतन करावं आणि मोठ्या प्रिंटआधी एकदा उघडून पाहावं. त्याच खिडकीत कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' होता! कागदाचा प्रकार हा नुसता शिक्का नाही. शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं. ग्लॉसीवर प्लेनचं सेटिंग ठेवलं की काळा धुरकट होतो आणि जांभळ्यासारखे दाट रंग मरतात.

हे सगळं केल्यावर पट्टी जवळजवळ करडी झाली. जवळजवळच, कारण निवडलेलं प्रोफाइल प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या कागदाचं आणि स्वतःच्या शाईचं होतं, आणि इथे दोन्ही वेगळे होते. आयसीसी प्रोफाइल प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरचं सेटिंग या चौघांच्या एका जोडणीचं असतं. चौघांतला एक बदलला की प्रोफाइल परकं होतं.

स्वतःचं प्रोफाइल बनवून घेणं वाटतं तेवढं खर्चीक नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेला रंग मोजणारं उपकरण) विकत घ्यावा लागत नाही. तक्ता छापून कुरिअरने पाठवला की मोजून प्रोफाइल परत पाठवणारी मंडळी असतात. टीसी ९.१८ या नेहमीच्या तक्त्यात ९१८ चौकोन असतात. तो छापताना कुठलीही रंगव्यवस्था चालू नको. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत तशी सोय नाही, म्हणून अडोबीचं कलर प्रिंटर युटिलिटी वापरलं. ड्रायव्हरची बाकीची सेटिंग्ज पुढे फोटो छापताना असतील अगदी तीच ठेवली. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची शाई) कागदात स्थिरावेपर्यंत रंग हलतो, म्हणून तक्ता २४ तास उघडा वाळवून मगच पाकिटात घातला. नव्या प्रोफाइलने काढलेल्या करड्या पट्टीत झाक मुद्दाम शोधावी लागत होती.

अंधार कुठून आला

अंधाऱ्या प्रिंटचं कारण प्रिंटरमध्ये नव्हतं. मॉनिटरची चमक कारखान्यातून आली तशी शंभर टक्क्यांवर होती. असे मॉनिटर सहज २५० ते ३०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर प्रकाश टाकतात. छपाईच्या कामाला ८० ते १२० पुरतात. एवढ्या झगमगीत पडद्यावर काळोखे भागही उघडे दिसतात, ऑपरेटर फोटो आणखी गडद करतो, आणि कागदावर तो बुडतो.

हिशेब साधा आहे. ५०० लक्सच्या (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात ठेवलेला पांढरा फोटो-कागद डोळ्याकडे सुमारे १४० कॅन्डेला परत पाठवतो. रात्री दिवाणखान्यात भिंतीवर १२० लक्स उजेड असेल तर तोच कागद जेमतेम ३५ देतो. म्हणजे ३०० च्या पडद्यावर ठरवलेला फोटो घरच्या भिंतीवर जवळजवळ नऊपट मंद दिसणार. डोळा बराचसा जुळवून घेतो, पण गडद जांभळ्या साडीतल्या घड्या तेवढ्याने परत येत नाहीत.

कलरीमीटर (पडद्याचा रंग मोजणारं उपकरण) लावून मॉनिटर १०० कॅन्डेला, डी६५ (दिवसाच्या उजेडाचा मानक पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटांच्या उजळपणाचं माप) वर आणला. पहिले दोन दिवस ऑपरेटरला पडदा पिवळट आणि मेलेला वाटला. ते अपेक्षितच होतं. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र कॅलिब्रेशन करूनही भागत नाही. '४५ टक्के एनटीएससी' (एनटीएससी हा रंगांच्या आवाक्याचा जुना मापदंड) असं ज्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तो पडदा एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. वांगी रंग त्यावर मुळात दिसतच नाही, मग त्याची दुरुस्ती कशाच्या आधारावर करणार?

काउंटरवरचा दिवा

पहिला प्रिंट आणि पदर काउंटरवरच्या दिव्याखालून काढून दाराशी, सावलीत नेला तेव्हा दोघांमधलं अंतर थोडं कमी झालं. संपलं नाही, पण कमी झालं. काउंटरवर ३००० केल्विनची पिवळी एलईडी पॅनल होती. रेशमाचा रंग आणि शाईचा रंग वेगवेगळ्या रसायनांनी बनतो. एका प्रकाशात ते दोन्ही जुळले तरी दुसऱ्यात फाटतात. त्यात स्वस्त एलईडीच्या खोक्यावर लिहिलेला ८० सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) पहिल्या आठ सौम्य रंगांवरून काढलेली सरासरी असते. दाट लाल म्हणजे आर९ आणि दाट निळा म्हणजे आर१२ तिच्यात धरलेलेच नसतात. लाल आणि निळ्याच्या मधल्या जांभळ्याला नेमकी त्यांचीच गरज.

कागदाचीही यात भर पडते. ग्लॉसी कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेला असतो. तो उन्हातली अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड सोडतो. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच, त्यामुळे तोच कागद काउंटरवर पिवळट आणि अंगणात निळसर वाटतो.

छपाई पाहण्याचा आयएसओ ३६६४ हा मानक प्रकाश डी५० म्हणजे ५००० केल्विनचा. बारकाईने तुलना करायला २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीला ५०० लक्स. तशा प्रकाशाची तपासणी-पेटी नसेल तर ५००० केल्विन, ९५ सीआरआयची एक ट्यूब आणि मागे रंगहीन करडी भिंत एवढ्यावर काम होतं. सकाळी ११ च्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीतला उजेड फुकट मिळतो आणि चांगला असतो, फक्त समोरची भिंत गुलाबी नको.

आता साडी

इथवर आल्यावर नवरीचा फोटो पुन्हा उघडला. मूळ रॉ, कलर बॅलन्सच्या खाणाखुणा नसलेली. प्रिंट काढला. चेहरा बरोबर आला, चुडा हिरवागार, अंधार गेलेला. साडी आमसुलीवरून जांभळ्यावर आली, पण वांगी अजून नाही. खांद्यावरचा भाग चालण्यासारखा होता. गुडघ्यांवरच्या निऱ्या मात्र अजून तांबूस, आणि त्यांच्या घड्या सपाट झालेल्या.

पैठणीचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. धूपछाँव विणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. वांगी रंग अनेकदा निळ्या आणि राणी रंगाच्या धाग्यांच्या गुंफणीतून उमटतो. एका बाजूने पाहिलं तर निळा वर येतो, दुसऱ्या बाजूने लाल. तिला एकच खरा रंग नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटरखाली तेच कापड ९० अंशांत फिरवलं तरी आकडा बदलतो. कॅमेरा मात्र एकाच कोनातून, एकाच क्षणी पाहतो.

त्यात मांडवातला प्रकाश. समोरून ५५०० केल्विनचा फ्लॅश, वरून पिवळ्या माळा, आणि स्टेजच्या कडेला खालून वर मारणारे मॅजेंटा एलईडी पार (रंगीत झोताचे स्टेजचे दिवे). खांद्यावरच्या पदरावर फ्लॅशचं राज्य, निऱ्यांवर पारचं. अशा फोटोला एकच व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई) लागू होत नाही. चेहऱ्यावर बसवला की निऱ्या लाल, निऱ्यांवर बसवला की चेहरा हिरवट. निऱ्यांच्या कडांवर लाल आणि निळा हे दोन्ही चॅनल २५५ ला टेकले होते, कारण कॅमेरा प्रोफाइल 'व्हिव्हिड' म्हणजे भडक रंगांचं होतं. ते 'न्यूट्रल' केलं आणि निऱ्यांपुरतं एक्स्पोजर ०.७ स्टॉप खाली घेतलं. रॉ असल्यामुळे पोत परत आला. जेपेगमध्ये तो गेलाच असता.

'अडोबी आरजीबीत काढलं असतं तर जांभळा आला असता' असं अनेक जण ठामपणे सांगतात. तसं नाही. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी यांचे लाल आणि निळ्याचे मूळ बिंदू सारखेच आहेत, फरक फक्त हिरव्याच्या बिंदूत आहे. लाल आणि निळ्याच्या मधली जांभळी कड दोन्हींत एकच. अडोबी आरजीबीने चुड्याच्या हिरव्याला आणि मोरपंखीला फायदा होतो, वांग्याला नाही. काम त्या दोन्हींपेक्षा मोठ्या रंगपट्ट्यात, प्रोफोटो आरजीबीत, १६ बिटवर केलं.

रंग कुठल्या खुणेवर आणायचा? आठवणीवर नाही. पदर हातात होताच. रंगांचे २४ चौकोन असलेलं कार्ड त्याच्याशेजारी ठेवून, एकाच फ्लॅशने, मूळ फोटोत खांद्यावर पदर ज्या कोनात होता त्याच कोनात फोटो काढला. फक्त खांद्यावरचा पदर त्याच्याशी जुळवायचा, आणि निऱ्या खांद्यावरच्या पदराशी. तेच कार्ड मांडवात नवरीच्या हातात अर्धा मिनिट दिलं असतं तर यातलं बरंच काम वाचलं असतं.

निऱ्यांवर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) ह्यू (रंगछटा) निळ्याकडे सरकवला. नेमका किती, हे पडद्यावर ठरवलं नाही. निऱ्यांचा २ × ३ इंचांचा तुकडा एका ए४ कागदावर पाच वेळा छापला: शून्य, उणे ३, उणे ६, उणे ९, उणे १२. खाली आकडे लिहिले. कागद वाळल्यावर नवरीच्या आईला दाराच्या सावलीत बोलावलं आणि पदर कागदावर ठेवला. त्यांनी बोट ठेवलं ते उणे ६ वर, फारसा विचार न करता. मोठ्या कागदाच्या अंदाजपंचे तीन प्रिंटांनी जे झालं नव्हतं ते एका ए४ ने केलं.

राहिला घड्यांचा प्रश्न. शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग आत कसे आणायचे, हे रेंडरिंग इंटेंट ठरवतो. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आवाक्यातल्या रंगांना हात लावत नाही आणि बाहेरचे सगळे कडेवर आणून आपटतो. त्याने चेहरा उत्तम राहिला, पण निऱ्यांतल्या तीन-चार वेगळ्या जांभळ्या छटा एकाच जागी येऊन पडल्या आणि घडी गायब झाली. पर्सेप्च्युअल सगळ्यांनाच थोडं थोडं आत सरकवतो. साडी किंचित मवाळ होते, पण घडी घडीसारखी राहते. सॉफ्ट प्रूफमध्ये (प्रिंट कसा येईल ते पडद्यावर आधी दाखवणाऱ्या सोयीत) दोन्ही आलटून पालटून पाहता येतात. इथे पर्सेप्च्युअल घेतला. पैठणी अंगावर बसलेली दिसते ती घड्यांमुळे. रंगाचा थोडा दाटपणा सोडला तरी चालेल, कापडाचं वजन दिसलंच पाहिजे. चेहऱ्याला जो किंचित फिकेपणा आला तो कर्व्हने (उजळ-गडद छटा सावरणाऱ्या साधनाने) भरून काढला.

मागणी मॅट कागदाची होती. नमुना दाखवून ती बदलून घेतली. मॅटवर काळा तेवढा खोल जात नाही, आणि वांगी हा गडद रंग काळ्याच्या शेजारीच राहतो. अल्बमवर मॅट लॅमिनेशन केलं तरी हाच तोटा होतो.

जर मात्र जुळली नाही, जुळणारही नव्हती. सहापैकी कुठल्याच शाईत धातू नाही. कागदावर सोनं म्हणजे गेरूच्या छटा आणि त्यांच्यामध्ये कागदाचे उघडे ठेवलेले पांढरे ठिपके. ते ठिपके २५५ च्या जवळ आणि शेजारचा काठ गडद ठेवला की डोळा चमक मानून घेतो. पिवळा वाढवून जर चमकत नाही, ती हळदीची होते.

याच लग्नाचा अल्बम शहरातल्या लॅबला जाणार होता. तिथे फाइल एसआरजीबीत बदलून, ८ बिट जेपेग, ३०० पीपीआय, प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं. अडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइलशिवाय गेली की लॅबचं यंत्र तिला एसआरजीबी समजतं आणि चेहरे फिके, मातकट पडतात. सोबत 'नो करेक्शन' असं लिहून दिलं, नाहीतर मिनीलॅबचा ऑपरेटर आपल्या सवयीने सी, एम, वाय आणि डेन्सिटीची बटणं दाबतो. त्याच्या आधी दोन पानं ८ × १२ वर मागवून पदराशी लावून पाहिली.

अखेरचा १२ × १८ प्रिंट २४ तास उघडा वाळवून मग काचेत बसवला. ओलसर प्रिंट बंद केला की काचेच्या आतून वाफ धरते. मागच्या कोपऱ्यात प्रिंटर, कागद, शाईच्या बाटलीचा बॅच, प्रोफाइलचं नाव, इंटेंट आणि तारीख लिहिली. आरसी कागदाच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, म्हणून ते बारीक मार्करने लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वर दुसरा प्रिंट ठेवला नाही.